चढणीची वाट

इसाक्वा गावातून वाहणाऱ्या ओढ्यावर एक पादचारी पूल आहे. एरवी त्यावरून माणसं येतात-जातात, फारसं कुणी थांबत नाही. सप्टेंबर उजाडला की मात्र कठड्याला रेलून गर्दी उभी असते. बाबागाडीतली मुलं, काठी टेकत आलेले आजोबा, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून चालत आलेली माणसं, सगळ्यांची नजर खाली पाण्यात. पाणी गुडघाभर, तळातले गोटे दिसतील इतकं नितळ, आणि त्या गोट्यांवर प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभे असलेले हातभर लांबीचे काळपट मासे. नवख्या माणसाला ते आधी दिसतच नाहीत. मग एखादा शेपटी मारतो, पाणी फुटतं, आणि एक दिसला की भोवतीचा अख्खा थवा दिसायला लागतो.

हे गाव सिएटलच्या पूर्वेला, कुगर, स्क्वाक आणि टायगर या तीन डोंगरांच्या पायथ्याशी आहे. नोकरीपायी आलेली मराठी कुटुंबं या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे देशातून आईवडील येतात. त्यांना काय काय दाखवायचं याची यादी जवळजवळ ठरलेली असते: स्नोक्वाल्मीचा धबधबा, विमानांचा कारखाना, माउंट रेनियर, एप्रिल असेल तर स्कॅजिटकडची ट्यूलिपची शेतं. सॅमन माशांची पैदास करणारं सरकारी केंद्र त्या यादीत क्वचित असतं. माझ्या मते ते सगळ्यात वर असायला हवं. तिथे तिकीट नाही, कुंपणाआडून डोकावणं नाही. एका राज्य सरकारचं खातं आपलं रोजचं काम करत असतं आणि ते काम तुम्ही, तुमची मुलं आणि तुमची आई शेजारी उभं राहून बघू शकता.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही सगळे गेलो ते सासूबाई आल्या होत्या म्हणून. मी त्यांना आईच म्हणते. त्या रायगडातल्या, माणगाव तालुक्यातल्या. मुलांनी त्यांना आदल्या रात्री कुठे जायचंय ते खूप समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मत्स्यबीज केंद्र. आमच्याकडे पण असतं, धरणाजवळ. पण तिथे कोणी पोरं घेऊन नाही जात.”

ओढ्यात आडवा बांध घातला आहे. वर चढणारा मासा तिथे अडतो आणि बाजूला वळून सिमेंटच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाटात शिरतो. प्रत्येक पायरीवर एक डोह, पुढच्या पायरीवर उडी. या पाटाच्या भिंतीला एका ठिकाणी जाड काचा बसवल्या आहेत. काही पायऱ्या उतरून गेलं की आपला चेहरा आणि माशाचा चेहरा समोरासमोर येतात.

आई त्या काचेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. बाजारात मासा पारखताना त्या डोळे बघतात, कल्ले उचलून बघतात. तीच नजर इथेही लागली होती. समोरचा मासा चिनूक जातीचा नर होता. खालचा जबडा वाकून आकड्यासारखा झालेला, दात बाहेर आलेले. पाठीवर पांढऱ्या बुरशीचे डाग. शेपटीची कड झिजून चिंध्या झालेली आणि एका बाजूला सीलने किंवा कशाने तरी घेतलेल्या चाव्याची भरून आलेली खूण. पोट मात्र खपाटीला. आई म्हणाल्या, “ह्याने कितीतरी दिवस खाल्लेलं नाही.”

ते अगदी खरं होतं. समुद्रातून गोड्या पाण्यात शिरला की सॅमन खाणं सोडतो. त्याचं जठर आक्रसत जातं. समुद्रात असताना रुपेरी असलेलं अंग काळपट-तपकिरी होतं, कोहो जातीच्या नराचं लालभडक होतं. अंगातली चरबी, मग स्नायू, एकेक करून जाळत तो वर चढतो. अंडी घातली किंवा त्यांच्यावर नराने आपलं पाणी सोडलं की काही दिवसांत दोघंही मरतात. परतीचा प्रवास नाही.

तो समुद्रापासून इथवर कसा येतो हे थोरल्याने आजीला नकाशाच्या फलकावर बोट फिरवत दाखवलं. प्रशांत महासागरातून प्युजेट साउंडच्या खाडीत. तिथून बॅलर्डच्या लॉकगेटांपाशी, जिथे जहाजांना खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात उचलून घेतात. माशांसाठी शेजारी एकवीस पायऱ्यांची वाट आहे. मग वॉशिंग्टन सरोवर, त्यातून समामिश नदी, मग समामिश सरोवर, आणि त्या सरोवराला येऊन मिळणारा हा ओढा. वाटेत शहरं, बोटी, हमरस्त्यांचे पूल, सरोवरांतलं उन्हाने तापलेलं पाणी.

फलकावर हे सगळं निळ्या रेघेने सरळ काढलेलं आहे, पण ती रेघ पूर्वी अशी नव्हती. पूर्वी वॉशिंग्टन सरोवराचं पाणी दक्षिणेकडून, ब्लॅक नावाच्या नदीतून बाहेर पडायचं आणि मासेही तिथूनच वर यायचे. जहाजांना सरोवरात आणायचं म्हणून उत्तरेकडून कालवा खणला गेला. १९१६ साली सरोवराची पातळी सुमारे नऊ फुटांनी खाली आली आणि ब्लॅक नदी कोरडी पडली. एक अख्खी नदी, तिच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या दुवामिश लोकांसकट, नकाशातून गेल्यासारखी झाली. त्यानंतर माशांना लॉकगेटांचीच वाट उरली. इकडे इसाक्वाच्या भोवती कोळशाच्या खाणी निघाल्या, डोंगरांवरची झाडं तोडली गेली, ओंडके ओढ्यातून वाहून नेले गेले, गाळ साठला. माशांची चढण जवळजवळ थांबली.

१९३६ साली, मंदीच्या काळात, हाताला काम नसलेल्यांना रोजगार द्यायच्या सरकारी योजनेतून हे केंद्र बांधायला घेतलं. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या कामांची आठवण यावी असं ते काम. ओढ्यात फारसे मासे उरले नव्हते, म्हणून दुसऱ्या खोऱ्यातल्या ग्रीन नदीतल्या चिनूकची अंडी आणून इथे वाढवली. आज पुलावरून जे चिनूक दिसतात ते बहुतेक त्या आणलेल्या अंड्यांचे वंशज आहेत.

आमच्या इथल्या मराठी गप्पांत सॅमनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, बघा, मासासुद्धा शेवटी घरी परततो. म्हणणाऱ्याचा गळा दाटून आलेला असतो आणि त्यामागचं दुःख मला कळतं. पण माशाने ते आपल्यासाठी बोलावं हे मला पटत नाही. मासा आईबापांकडे परतत नाही. ते तो अंड्यातून निघायच्या आधीच मेलेले असतात. तो पितरांच्या नदीकडेही परतत नाही. ग्रीन नदीचं पाणी या माशांच्या पणजोबांनीही चाखलेलं नाही. तो परततो ते लहानपणी ज्या पाण्यात वाढला त्या पाण्याच्या वासाकडे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅस्लर यांनी हे दाखवून दिलं. सुट्टीत डोंगर चढत असताना एका धबधब्याजवळच्या शेवाळाच्या आणि रानफुलांच्या वासाने त्यांना एकाएकी स्वतःचं बालपण आठवलं, आणि माशालाही असंच होत असेल का, हा प्रश्न त्यांना पडला. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोहोची पिल्लं एका विशिष्ट रसायनाच्या वासात वाढवून मिशिगन सरोवरात सोडली. मोठे झालेले मासे ज्या ओढ्यात तोच वास मिसळला होता, त्या ओढ्यात चढले. माझी मुलं या ओढ्यापासून दहा मिनिटांवर वाढली आहेत. त्यांच्या नाकात कोणतं पाणी बसलं आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मला खंत नाही.

पाटाच्या वरच्या टोकाला हौद आहेत आणि हौदांच्या पलीकडे पत्र्याचं छप्पर. तिथे बीज काढायचं काम चाललं होतं. या केंद्रात माहिती सांगायला स्वयंसेवक असतात. १९९० च्या दशकात पैशाअभावी हे केंद्र बंद करायचं घाटत होतं तेव्हा गावकऱ्यांनी एकत्र येऊन ते वाचवलं आणि माहिती द्यायचं काम आपल्याकडे घेतलं. आमच्या वाट्याला निवृत्त शिक्षिका वाटतील अशा एक बाई आल्या. त्या मुलांशी बोलायला खाली वाकल्या आणि आधीच सांगितलं, आत रक्त दिसेल, मासे मारताना दिसतील, नको वाटलं तर आपण पुलाकडे जाऊ. धाकटी आठ वर्षांची. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, बघायचंय.

जे बघितलं ते असं. हौदातून मासे एकेक करून वर येत होते. रबरी कपडे घातलेला माणूस डोक्यावर एक घाव घाली, मासा थरथरून शांत होई. मग मादीचं पोट खालून वरपर्यंत एका वाकड्या सुरीने उघडलं जाई आणि अंडी भांड्यात पडत. ओतली जात म्हणायला हवं, कारण ती धारेने येत होती: नारिंगी, तकतकीत, प्रत्येक दाणा वाटाण्याएवढा, एकमेकांना न चिकटलेला. एका चिनूक मादीच्या पोटात चार-पाच हजार. मग नराला उचलून त्याचं पोट दाबलं की दुधासारखी पांढरी धार त्या अंड्यांवर पडे. वरून पाणी घातलं की खरी घाई सुरू. पाणी लागताच नराच्या बीजात जीव येतो आणि तो जेमतेम मिनिटभर टिकतो. तेवढ्यात ते अंड्याच्या कवचाला असलेल्या एकुलत्या एक सूक्ष्म छिद्रापर्यंत पोहोचायला हवं. त्या माणसाने भांडं हलक्या हाताने ढवळलं. एवढंच. हजारो वर्षांपासून, बर्फ वितळून या नद्या मोकळ्या झाल्या तेव्हापासून, मादी जे शेपटीने गोटे उकरून करत आली, ते हातमोजा घातलेल्या एका हाताने एका प्लॅस्टिकच्या भांड्यात केलं.

आईंच्या तोंडून शब्द निघाला, “गाबोळी.” मग जरा वेळाने, “एवढी गाबोळी मी उभ्या जन्मात एका माशात पाहिली नाही.”

धाकटीने त्या बाईंना विचारलं, मासा तसाही मरणारच होता तर आधी का मारला? बाईंनी उत्तर टाळलं नाही. म्हणाल्या, नदीत तो स्वतः अंडी घालून मेला असता आणि त्यातली फारच थोडी पिल्लं जगली असती, कारण नदीत आता पूर येऊन गोटे वाहून जातात, गाळ बसून अंडी गुदमरतात. इथे बहुतेक सगळी जगतात. तो मरण्याआधी अंडी पूर्ण मिळावीत म्हणून आपण त्याला मारतो. आपण नदी बिघडवली, म्हणून हे करावं लागतं. मी मराठीत आईंना सांगितलं. त्यांनी बाईंकडे बघून मान हलवली, बाईंनीही हलवली.

पुढच्या इमारतीत खणाखणांची उभी कपाटं होती. प्रत्येक खणात अंड्यांचा एक थर आणि वरून खाली खेळतं थंड पाणी. महिन्याभराने अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात, ते पिल्लाचे डोळे. तोवर ती अंडी इतकी नाजूक असतात की धक्का लागला तर मरतात. पण डोळे दिसले की ती मुद्दाम एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओततात. जिवंत अंडं तसंच राहतं. ज्यात जीव धरलेला नाही ते या दणक्याने पांढरं पडतं आणि वेचून काढता येतं, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्यांना मारते. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोटाशी बलकाची पिशवी घेऊन निघतं आणि ती संपेपर्यंत खात नाही. वसंतात चिनूकची बोटभर पिल्लं सोडतात, कोहोची वर्षभर जास्त सांभाळतात. सोडण्याआधी पाठीवरचा, शेपटीजवळचा एक छोटा मांसल पर कापतात. तो पर नसलेला मासा केंद्रात वाढलेला, असलेला नदीत जन्मलेला, हे गळ टाकणाऱ्याला हातात धरताच कळतं.

थोरल्याचं सगळं लक्ष या कापलेल्या परावर गेलं. तो पुन्हा काचेपाशी धावत गेला आणि कुणाला पर आहे, कुणाला नाही हे आजीला दाखवायला लागला. दोघांनी तिथे किती वेळ काढला ते मला सांगता येणार नाही, पण परत आल्या तेव्हा आई बोलत होत्या त्या त्यांच्या गावच्या पऱ्याबद्दल, म्हणजे ओढ्याबद्दल.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्यांच्याकडे मासे चढतात. रायगडात त्याला वलगण म्हणतात, खाली सिंधुदुर्गाकडे चढणीचे मासे. उन्हाळाभर डोहांत आणि नदीत तगून राहिलेले मळे, शिंगटी, खवळ, मरळ नवं गढूळ पाणी आलं की पऱ्याने, वहाळाने वर येतात, बांध ओलांडतात, भाताच्या खाचरांत शिरून अंडी घालतात. आईंचं सांगणं असं की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्या रात्री गावात कुणी झोपत नसे. बत्त्या घेऊन बापये पऱ्यात उतरायचे, कुणाकडे पाग, कुणाकडे नुसती झोळी, आणि पहाटे घरोघरी टोपल्या. सगळे मासे गाबोळीचे. “आम्ही ते खाल्लेच की,” त्या म्हणाल्या. “पण संपत नव्हते. आम्ही खाऊन उरायचे, बगळे खाऊन उरायचे, पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच.” आता चार घरांनाही पुरतील एवढे होत नाहीत. आम्ही फार खाल्ले म्हणून का, असं थोरल्याने विचारलं. त्या जरा थांबल्या. “तेही असेल. पण मधे बंधारे झाले.”

मला तिथे उभं राहून एकदम जे लख्ख दिसलं ते हे होतं. आम्ही बघायला आलो होतो जन्म, पण हे सगळं केंद्र उभं होतं वाटेच्या प्रश्नावर. पोटात अंडी घेऊन वर चढणाऱ्या जिवाला कुठे वाट आहे, कुठे नाही, आणि नसेल तर ती कुणी काढायची.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या अंगाने शोधलं गेलं. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे पूर्वी त्यांचं बीज पावसाळ्यात नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात माशाला अंडी घालायला लावली. तो दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रातल्या धरणांच्या पायथ्याशी असलेली मत्स्यबीज केंद्रं त्याच शोधावर चालतात. जिरे, मग बोटुकली, मग ती पिशवीत प्राणवायू भरून तलावांवर रवाना. त्यावर कितीतरी भोई कुटुंबांची पोटं चालतात आणि त्याला मी कमी लेखणार नाही. पण ती आहे माशांची शेती. धरणात सोडलेला रोहू कुठे परत येत नाही, त्याला चढायला काही नाही. आपल्या स्वतःच्या नद्यांचा मासा नदीत परत जावा म्हणून झालेलं काम थोडं आहे. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरचं बीज तयार केलं, हे त्यातलं मोठं. आणि त्याहून जुनं, कुठलंही खातं नसताना झालेलं काम म्हणजे महाडजवळचा वाळण कोंड, जिथे देवीचे मासे म्हणून महसीरांना कुणी हात लावत नाही. आईंनी लहानपणी तिथे मुठीने चुरमुरे टाकले आहेत.

इसाक्वाच्या केंद्राची सगळी स्तुती करून घरी येता येत नाही, आणि त्या स्वयंसेविका बाईंनीही केली नव्हती. भांड्यात ढवळलेल्या अंड्यांना नदीतली निवड लागू होत नाही. कोणती मादी कोणत्या नराजवळ जाईल, कोण कुठल्या गोट्याखाली अंडी लपवील, हे ठरवायला तिथे कुणी नाही. अशा पिढ्यांमागून पिढ्या झाल्या की मासे नदीला कमी आणि हौदाला जास्त लायक होतात, आणि नदीत जन्मलेल्या माशांशी चाऱ्यासाठी भांडतात, असं अनेक शास्त्रज्ञ सांगतात. त्याहून मोठा धोका माणसांच्या मनात आहे: केंद्र आहे ना, मग नदीचं काय व्हायचं ते होऊ दे. गेल्या शतकात धरणं बांधताना ही भरपाई कितीदा पुढे केली गेली. १९९९ साली प्युजेट साउंडच्या चिनूकला धोक्यातली जात म्हणून कायद्याने जाहीर करावं लागलं, तेव्हा ही केंद्रं कित्येक दशकं चालू होती.

इथल्या मूळ रहिवाशांचा माशांवरचा हक्क याहून जुना आहे. १८५५ च्या करारात त्यांनी जमिनी दिल्या, पण आपल्या नेहमीच्या ठिकाणी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. पुढे त्या हक्कासाठी मासे धरताना ते मार खात राहिले, तुरुंगात जात राहिले. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्यांचा. तेव्हापासून राज्य सरकार आणि मकलशूटसारख्या जमाती मिळून सॅमनचं व्यवस्थापन करतात. नदीत मासाच नसेल तर निम्म्याला अर्थ काय, हा त्यांचा प्रश्न आजही उभा आहे, आणि तो सरळ वाटेकडेच जातो.

वाटेतले सगळे अडथळे दिसतही नाहीत. सिएटलच्या ओढ्यांत पावसानंतर कोहो तडफडून मरताना लोकांनी वर्षानुवर्षं पाहिले होते, पोटात अंडी तशीच. कारण २०२० च्या डिसेंबरात छापून आलं. गाड्यांच्या टायरांना तडे जाऊ नयेत म्हणून रबरात एक रसायन घालतात. रस्त्यावर झिजलेल्या टायराच्या कणांत ते हवेतल्या ओझोनशी मिळून बदलतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. त्याची अगदी थोडी मात्रा कोहोला काही तासांत मारते. म्हणजे मासा सात दरवाजे ओलांडून घराच्या ओढ्यात येतो आणि तिथे पाऊस पडला म्हणून मरतो. आम्ही त्या दिवशी गाडीनेच गेलो होतो, सगळे जातात. रस्त्याचं पाणी थेट ओढ्यात न सोडता मातीच्या आणि झाडांच्या पट्ट्यातून मुरवलं तर विष बरंचसं अडतं, हेही तपासून झालेलं आहे. नव्या रस्त्यांच्या कडेला खोलगट, झाडं लावलेले चर दिसतात ते याचसाठी. मुलांना आता ते चर ओळखता येतात.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती गोष्ट केंद्राच्या वरच्या अंगाला आहे. हौदांना पाणी मिळावं म्हणून ओढ्याच्या वरच्या बाजूला पूर्वी एक बांध होता. म्हणजे मासे वाचवायला बांधलेल्या केंद्राचाच बांध माशांना पुढे जाऊ देत नव्हता. २०१३ साली तो काढला आणि त्या जागी मोठमोठ्या धोंड्यांच्या बुटक्या पायऱ्या रचल्या. पाणी केंद्राला मिळतंच, आणि केंद्राने पुढे सोडलेला मासा त्या धोंड्यांवरून उड्या घेत डोंगरातल्या जुन्या जागांपर्यंत जातो. तिथे तो स्वतः गोटे उकरतो, स्वतः मरतो. त्याचं शरीर कुजून अळ्यांना, पक्ष्यांना, अस्वलांना, शेवटी काठावरच्या सीडरला मिळतं. समुद्रातून आलेला नायट्रोजन या झाडांच्या लाकडात सापडतो. पैदास करणाऱ्या खात्याने आपल्या कामाची गरज कमी व्हावी म्हणून पैसे खर्च करावेत, याहून चांगलं मी कुठल्या सरकारी कामाबद्दल सांगू शकत नाही.

आईंना हे धोंडे बघायचे होते. पायवाट ओली होती, त्यांचा हात धरून सावकाश गेलो. त्यांनी धोंड्यांची उंची बघितली, दोन धोंड्यांमधला खळगा बघितला, पाणी कुठून घसरतं ते बघितलं. मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोनमध्ये फोटो काढायला लावले: एक समोरून, एक कडेने. “कडेने नीट काढ, उतार दिसला पाहिजे.”

त्यांच्या गावी पऱ्यावर पूर्वी दर वर्षी पाऊस संपला की पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालत. पुढच्या पावसाला तो वाहून जाई आणि मासे चढत. नंतर त्या जागी सिमेंटचा बंधारा आला. उन्हाळ्यात त्यात पाणी राहतं, विहिरींना झरे टिकतात, आणि ते गावाला हवंच आहे, हे त्या स्वतःच सांगतात. पण भिंत सरळ, छातीएवढी, खाली पाण्याने कोरलेली. मृगाच्या रात्री खालच्या डोहात मासे दाटीने येऊन थडकतात आणि तिथेच धरले जातात. आता त्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीचं काम निघालं आहे. आईंचे धाकटे दीर ग्रामपंचायतीत सदस्य आहेत. आईंनी त्या रात्री, तिकडची सकाळ, त्यांना फोन लावला आणि फोटो पाठवले. आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकत होतो.

“बंधारा पाडायला नाही सांगत मी, भावोजी. खालच्या अंगाला मोठे धोंडे लावायचे, टप्प्याटप्प्याने. फोटोत आहेत तसे. धोंडे आपल्या माळावर पडलेत, विकत नाही आणायचे.”

पलीकडून त्यांनी विचारलं असावं की याला इस्टिमेट कोण करणार, कारण आई म्हणाल्या, “ते तुम्ही बघा. ग्रामसभेत विषय तरी मांडा. आणि पावसाच्या आधी व्हायला हवं, मृगाच्या आधी. मी मेमध्ये येत्येच.”